हालचाल आढळली

गेल्या शिमग्याच्या आधी आमच्या गावच्या घरून तांब्याचा बंब चोरीला गेला. घर चिपळूणच्या पुढे, रस्त्यावरून पाखाडी उतरून खाली. बंब मागीलदारी, न्हाणीच्या भिंतीला टेकून असायचा. चोरांनी नेताना आतली राख तुळशीमागे नीट ढीग करून ओतली, अर्धवट जळलेलं लाकूड पाणी मारून विझवलं आणि भिंतीला उभं करून ठेवलं. आईला बंबाचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त नवल त्या टापटिपीचं वाटलं. "लग्नाला आलेली माणसंसुद्धा इतकं आवरून जात नाहीत," ती म्हणाली.

बंब आजीच्या माहेरचा. पोटावर तिच्या लग्नाचं साल, १९४४, आणि त्याखाली 'सप्रेम भेट' असं कोरायला सांगितलं होतं. कोरणाऱ्याने मात्रा खाल्ली. त्यामुळे ऐंशी वर्षं आमच्याकडे 'सप्रेम भट' तापत होता. मी दुसरीत असताना, आंघोळीच्या पाण्याची वाट बघत उकिडवा बसलेलो असताना ते वाचलं आणि आजीला जाऊन सांगितलं. तिच्या लक्षात तोवर आलं नव्हतं. नंतर तिला दुसरं काही दिसेना. आयुष्यात मी पकडलेली ती पहिली चूक. पुढे मी मुद्रितशोधक झालो. पुण्यात राहतो, लोकांची पुस्तकं छापायच्या आधी वाचतो आणि छापल्यावर त्यांत राहिलेल्या चुका माझ्या नावावर जमा होतात.

बाबा चौकीत गेले तेव्हा पहिला प्रश्न आला, "फुटेज आहे का?"

"नाही," बाबा म्हणाले. "राख आहे."

ते निवृत्त मुख्याध्यापक. वय ७८. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देता न येणं हा अनुभव त्यांना नवा होता. संध्याकाळी मला फोन आला. "कॅमेरे लाव. पैसे मी देतो. पुन्हा कुणी फुटेज मागितलं तर माझ्याकडे असलं पाहिजे." चोर पकडणं हा मुद्दा कुठेच नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

तीन कॅमेरे घेतले. एक ओटीवरून खळ्याकडे बघणारा, एक मागीलदारी, एक आगरात, विहिरीवरच्या पंपावर नजर ठेवणारा. चित्रं साठवायचा डबा दुकानदाराकडे तयार मिळत होता. पण माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, आणि इंजिनिअरिंगच्या मुलापुढे तयार डबा विकत घेणं म्हणजे आचाऱ्यासमोर मॅगी करण्यासारखं. "मामा, कशाला पैसे घालवतोस? तुझ्या प्रेसमधला तो जुना कॉम्प्युटर दे. फुकटात होतं." लिनक्सवर चालणारा 'मोशन' नावाचा एक जुना, फुकट प्रोग्रॅम आहे. तो त्याने घातला, एका लांबलचक फायलीत सगळ्या सूचना असतात ती मला उघडून दिली, आणि परीक्षा आहे असं सांगून तो निघून गेला.

ही फाईल मी प्रूफासारखी वाचली. मला दुसरं वाचनच येत नाही. आणि गंमत म्हणजे प्रोग्रॅमचं काम मला लगेच कळलं, कारण ते माझंच काम होतं. आमच्याकडे पहिलं प्रूफ येतं, त्यावर दुरुस्त्या होतात, दुसरं प्रूफ येतं. दोन्ही शेजारी ठेवायची आणि काय बदललंय ते बघायचं. मोशन तेच करतो. कॅमेरा सेकंदाला काही चित्रं पाठवतो. हा नवं चित्र आधीच्याशी ताडून बघतो आणि किती ठिपके बदलले ते मोजतो. आमचं चित्र होतं ६४० बाय ४८० ठिपक्यांचं, म्हणजे एकूण ३,०७,२०० ठिपके. त्यांतले १,५०० बदलले की याच्या लेखी हालचाल झाली. ही १,५०० ची मर्यादा फायलीत आधीपासूनच भरलेली असते. शेकडा अर्धा टक्का.

काय बदललं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बंब गेला की फुलपाखरू आलं, ठिपके ते ठिपके. असे मुद्रितशोधक मी पाहिलेत. अख्खा परिच्छेद दोनदा छापला गेला तरी झोप मोडत नाही, पण वेलांटी दिसली की झडप.

तरी त्यात शहाणपणाच्या गोष्टी होत्या. चोर दिसल्यावर चित्रण सुरू केलं तर त्याची पहिली पावलं निसटणार; म्हणून प्रोग्रॅमला सांगून ठेवलं तर तो नुकतीच गेलेली चारदोन चित्रं कायम हातात धरून बसतो आणि काही घडलंच तर ती आधी चिकटवतो. हालचाल थांबली की लगेच वही मिटत नाही, साठ सेकंद वाट बघतो. कुणी खोलीतला दिवा लावला तर सगळंच चित्र एका झटक्यात बदलतं, तेव्हा त्याकडे काणाडोळा करायची सोय आहे. आणि चित्रातली बारीक धूळ, एखाददुसरा लुकलुकणारा ठिपका गाळायची एक चाळणी आहे. तिच्यासमोर लिहिलं होतं: मोठा ई, छोटा ई, छोटा डी, मोठा डी, छोटा एल. मी ती टायपिंगची चूक समजून दुरुस्त केली. सगळी अक्षरं मोठी केली. भाच्याने फोनवर समजावलं की प्रत्येक अक्षर म्हणजे एक काम आहे: ठिपक्यांच्या पुंजक्याच्या कडा कुरतडायच्या, पुन्हा कुरतडायच्या, मग फुगवायच्या, मग आणखी फुगवायच्या. एकटा ठिपका कुरतडण्यातच संपतो, माणसाएवढा पुंजका मात्र पुन्हा बाळसं धरतो. मोठं अक्षर आठ शेजारी विचारतं, छोटं चार. "मामा," तो म्हणाला, "तू फक्त वाच. दुरुस्त करू नकोस." माझ्या व्यवसायातल्या माणसाला असं कुणी बोललं नव्हतं.

हे सगळं कशाला, सरळ चोवीस तास चित्रण का नको, असं बाबांनी विचारलं. मी हिशेब मांडला. कॅमेऱ्याने सेकंदाला चार मेगाबिट पाठवले तर दिवसाला ४३ जीबी. तीन कॅमेऱ्यांचे १३०. एक टीबीची डिस्क आठ दिवसांत भरणार, आणि त्यांतले पावणेआठ दिवस खळ्यात वाळत घातलेल्या आमसुलांचं चित्रण असणार. बाबांना हिशेब पटला. "मग फक्त घडेल तेवढंच घे," ते म्हणाले.

पहिल्या रात्री १,२१४ वेळा घडलं.

फोनवर टेलिग्राममधून एकेक फोटो येत होता, खाली 'हालचाल आढळली'. पहिला फोटो उघडला तेव्हा माझ्या छातीत धस्स झालं. मागीलदारी, न्हाणीच्या छपरावर, आठ पायांचं, घराएवढं काहीतरी उभं होतं. रात्री दिसावं म्हणून कॅमेऱ्यात अवरक्त दिवे असतात. आपल्याला ते जेमतेम तांबूस दिसतात, पण त्यांच्याभोवती किडे जमतात. किडे जमले की कोळी येतो, आणि जाळं विणायला त्याला भिंगाच्या पुढ्यासारखी जागा नाही: ऊब आहे, आडोसा आहे, गिऱ्हाईक समोर आहे. वाऱ्याने जाळं हललं की दीड हजार ठिपके कधीच पार. रात्री अडीचला बायको उठून बसली. "एक तर त्या चोराला झोपू दे, नाहीतर मला."

सकाळी बाबांनी माडाच्या हिरांच्या खराट्याने जाळं काढलं. तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला मला बाबांच्या नाकपुड्यांचा जवळून घेतलेला फोटो यायला लागला. पुढे कॅमेऱ्यातले दिवे बंद करून एक वेगळा अवरक्त दिवा चार हातांवर लावला. आता कोळी तिथे राहतो.

मग मी मर्यादा वाढवली. १,५०० ची ३,०००, मग ६,०००. फोन शांत झाला. आठ दिवस काही आलं नाही तेव्हा मी धास्तावून फोन केला. घरी सगळं ठीक होतं. बाबा रोज दहा वेळा खळ्यातून जात-येत होते, पण खळं मोठं, बाबा शिडशिडीत आणि चालणं सावकाश. "म्हणजे," त्यांनी शांतपणे विचारलं, "माझी हालचाल धरण्याजोगी नाही?" मी ३,००० केली.

मृगाच्या आधी आठवडाभर आगरातल्या कॅमेऱ्याने काजवे पकडले. काळ्या चित्रात पोफळींच्या बुंध्यांमधून पांढरे बिंदू, प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी. खाली तेच: हालचाल आढळली. ते फोटो मी पुसलेले नाहीत. मग पाऊस आला. रात्रीच्या दिव्यात प्रत्येक थेंब म्हणजे पांढरी रेघ, आणि कोकणातला आषाढ म्हणजे रेघांनी भरलेली वही. जूनमध्ये मी फोनचा आवाज बंद केला.

पावसाबरोबर वीज गेली. गेली, आली, पुन्हा गेली. कॅमेऱ्याच्या आतलं घड्याळ वीज गेली की सगळं विसरतं आणि इंटरनेट मिळेपर्यंत युनिक्सच्या आरंभापासून मोजायला लागतं. तो आरंभ म्हणजे १ जानेवारी १९७०, ग्रीनिचची मध्यरात्र; आपल्याकडचे पहाटेचे साडेपाच. त्यामुळे आमच्याकडे एक चित्रण आहे: कोपऱ्यात तारीख १ जानेवारी १९७०, वेळ पाच वाजून एकेचाळीस मिनिटं, आणि एक वानर गडग्यावर बसून फणस फोडतंय. बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. "सत्तर साली हा फणस नव्हता," ते म्हणाले. "मी शहाऐंशीत लावला." वानराबद्दल त्यांची काही हरकत नव्हती.

झाडांवर उपाय म्हणून मास्क असतो. कॅमेऱ्याच्या चित्राएवढं दुसरं चित्र करायचं, जिकडे बघायचं नाही तिकडे काळं फासायचं, बघायचं तिकडे पांढरं ठेवायचं. मी एक रविवार खर्च करून सगळ्या माडांना, पोफळींना आणि फणसाला काळं फासलं. वानरांना कुणी सांगितलं कळत नाही. त्या दिवसापासून ती फक्त काळ्यातून ये-जा करायला लागली. आंबे, फणस, पपया सगळं गेलं, नोंद एक नाही.

गणपतीच्या सुट्टीत भाचा आला. सगळं बघून म्हणाला, "मामा, तू दगडी युगात आहेस." त्याने मोशन काढून 'फ्रिगेट' घातला. हाही फुकट. हा आधी हालचाल बघतो आणि जिथे हालचाल झाली तेवढाच तुकडा कापून पुढे एका शिकवलेल्या प्रोग्रॅमकडे पाठवतो: बघा बुवा, हे काय आहे? तो उत्तर देतो आणि सोबत खात्री किती तेही सांगतो. व्यक्ती, ८२ टक्के. कुत्रा, ६४ टक्के. सत्तरच्या खाली असलं तर मुळात नोंदच धरू नये अशी आतूनच व्यवस्था. जुना कॉम्प्युटर या कामाला धापा टाकायला लागला. त्याचा पंखा आता आईला माजघरात ऐकू येतो. पण मला तो प्रोग्रॅम आवडला. अर्थ कळणारा मुद्रितशोधक शेवटी भेटला असं वाटलं.

मग मी त्याच्या ओळखीच्या वस्तूंची यादी वाचली. अशा प्रोग्रॅमना शिकवायला फोटोंचे मोठे संग्रह वापरतात. त्यांतला एक प्रसिद्ध संग्रह 'कोको' नावाचा आहे, २०१४ साली मायक्रोसॉफ्टच्या मंडळींनी पुढाकार घेऊन केलेला. नावाचा अर्थ साधारण 'नेहमीच्या वस्तू, त्यांच्या जागी' असा. नेहमीच्या वस्तू ८०. त्यांत झेब्रा आहे. जिराफ आहे. हत्ती आणि अस्वल आहे. बर्फावर घसरायच्या पट्ट्या दोन प्रकारच्या आहेत, लाटांवर उभं राहायची फळी आहे, बेसबॉलची बॅट आणि तिचा हातमोजा आहे, डोनट आहे, ब्रोकोली आहे, केस वाळवायचं यंत्र आहे. माकड नाही. म्हैस नाही. रिक्षा नाही. साप नाही, नारळ नाही, शिडी नाही, बंब तर नाहीच.

मी हे बाबांना वाचून दाखवलं. "जिराफ आला तर कळेल ना?" त्यांनी विचारलं.

"कळेल."

"मग झालं तर."

ज्याचं नाव माहीत नाही ते समोर आलं की तो प्रोग्रॅम गप्प बसत नाही, यादीतलं जवळचं नाव देऊन टाकतो. शेजाऱ्यांची म्हैस आमच्याकडे गाय आहे, ७९ टक्के. वानर कधी कुत्रा असतं, कधी व्यक्ती. एकदा शेपूट पुढे घेऊन बसलं होतं तर अस्वल झालं. पावसात बाबा आगरात गेले की वरून कॅमेऱ्याला फक्त छत्री दिसते. यादीत छत्री आहे. त्यामुळे भाद्रपदात आमच्या आगरात एक छत्री रोज दोनदा चालत जायची आणि पोफळीखाली वाकून सुपाऱ्या गोळा करायची. आणि परसातल्या भेंडीत बाबांनी माझा जुना चौकड्यांचा शर्ट घालून बुजगावणं उभं केलंय. वारा आला की: व्यक्ती, ९१ टक्के. या घरातल्या कुणालाही त्याच्याइतके टक्के पडत नाहीत. मला स्वतःला, मी सणाला गेलो तेव्हा, ८४ पडले. शर्ट तोच.

मधेच एक सांगून ठेवतो, कारण ते कामाचं आहे. कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड आधी बदला. २०१६ साली 'मिराय' नावाच्या एका उपद्रवी प्रोग्रॅमने कारखान्यातले असे साठेक ठरावीक पासवर्ड घेऊन जगभरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते आणि त्या फौजेने अर्ध्या अमेरिकेचं इंटरनेट एक दिवस रडकुंडीला आणलं होतं. मी पासवर्ड बदलला. चांगला, लांब, आकडे आणि चिन्हं घालून. बाबांनी तो आपल्या वळणदार अक्षरात कागदावर लिहिला आणि ओटीवरच्या कॅमेऱ्याखाली चिकटवला. वर 'पासवर्ड' असं शीर्षक देऊन, खाली दोन रेघा मारून.

आता दिवाळीनंतरची गोष्ट. रात्री ११.४० ला मागीलदारचा फोटो आला. व्यक्ती, ७६ टक्के. वारा नव्हता, बुजगावणं दुसऱ्या बाजूला. मी उठून बसलो. चित्र मोठं केलं. धुण्याच्या दगडावर, बंब असायचा तिथून दोन हातांवर, एक माणूस पाय वर घेऊन बसला होता आणि त्याच्या तोंडापाशी विजेरीएवढा पांढरा गोळा होता. निखाऱ्यातून अवरक्त प्रकाश भरपूर बाहेर पडतो. रात्रीच्या कॅमेऱ्याला पेटती विडी दिव्यासारखी दिसते. गोळा मोठा व्हायचा, लहान व्हायचा. झुरका, विश्रांती, झुरका. पुढच्या फोटोत तो माणूस थोटूक दगडावर नीट विझवून, राख फुंकून, थोटूक खिशात ठेवत होता.

बाबांची विडी डॉक्टरांनी २०१६ सालीच बंद केली होती. खोकल्यामुळे. आईने त्यांना ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवून शब्द द्यायला लावला होता.

रात्री फोन केला असता तर आई उठली असती. सकाळी केला.

"बाबा, काल रात्री मागीलदारी कोण होतं?"

"कुठे?"

"धुण्याच्या दगडावर."

बराच वेळ पलीकडून फक्त कावळा ऐकू आला. मग बाबांनी आवाज खाली आणून विचारलं, "किती टक्के?"

"शहात्तर."

"म्हणजे चोवीस टक्के शंका आहे." बाबांनी चाळीस वर्षं पेपर तपासले. "शंकेचा फायदा उमेदवाराला द्यायचा असतो."

मी हसलो नाही, गंभीर राहायचा प्रयत्न करत होतो. खोकल्याचं विचारलं. रोज एकच असते म्हणाले, तीही कधीकधी अर्धी. मग थोडं थांबून म्हणाले, "ते तू मागे झाडांना काळं फासलं होतंस ना, तसं एखाद्या दगडाला फासता येतं का?"

आमच्या धंद्यात एक खूण असते. एखादा शब्द चुकून खोडला आणि नंतर वाटलं की नको, होता तसाच बरा, तर त्या शब्दाखाली टिंबं द्यायची. म्हणजे: राहू द्या. फ्रिगेटमध्ये मास्क करताना चित्रावर एकेक टिंब देत जायचं असतं आणि प्रोग्रॅम ती जोडून आतली जागा झाकतो. मी धुण्याच्या दगडाभोवती सहा टिंबं दिली.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा आईने कॉम्प्युटरसमोर उभं राहून, पदराला हात पुसत, ते चित्र बघितलं. "हा दगड झाकलास का रे?"

मी हो म्हणालो. कारण विचारलं तर काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो.

"बरं केलंस," आई म्हणाली. "नाहीतर आत पडवीत येऊन ओढतील. धूर माजघरात येतो."

त्या भेटीनंतर बाबांच्या आणि माझ्या नात्यात एक मोकळेपणा आला, आणि त्याचा परिणाम असा की त्यांनी यंत्रणेचा ताबा घेतला. त्यांना कळलं होतं की खळ्यात माणूस दिसला की दहा सेकंदांत पुण्यात माझा फोन वाजतो. माझ्याशी बोलायचं असेल तर आता ते फोन करत नाहीत. ओटीवरून खाली उतरतात, कॅमेऱ्याकडे तोंड करतात आणि पंचा हलवतात. फोटो येतो: व्यक्ती, ८८ टक्के. मी फोन करतो. "काही नाही," ते म्हणतात, "सहज." त्यांच्या फोनच्या पॅकमध्ये बोलणं फुकट आहे हे मी त्यांना चार वेळा सांगितलंय. पण एसटीडी बूथवर मिनिटांचे आकडे फिरताना बघितलेल्या आणि नंतर मिस्ड कॉलवर संसार केलेल्या पिढीला फुकट मिळालेल्या वस्तूपेक्षा वाचवलेल्या वस्तूची गोडी जास्त. एकदा मी मीटिंगमध्ये होतो, फोन उचलला नाही. तर एकामागून एक अकरा फोटो. शेवटच्या फोटोत पंच्याऐवजी सतरंजी होती.

भाच्याला मी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं. त्याने उलट मलाच गोष्ट सांगितली. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचं एकच भांडं होतं, ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर. दुसऱ्या मजल्यांवरची मंडळी जिने उतरून यायची आणि भांडं रिकामं. म्हणून १९९१ साली त्यांनी भांड्यावर एक कॅमेरा रोखला आणि त्याचं १२८ बाय १२८ ठिपक्यांचं करडं चित्र प्रत्येकाच्या टेबलावर दिसेल असं केलं. १९९३ पासून ते साऱ्या जगाला दिसायला लागलं. लोक पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून ते भांडं बघायचे. २२ ऑगस्ट २००१ ला कॅमेरा बंद केला आणि ते निकामी यंत्र लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. म्हणजे जाळ्यावरचा पहिला नावाजलेला कॅमेरा चोरासाठी नव्हताच. जिना वाचवायला होता.

हे मी बाबांना सांगितलं. "बघ," ते म्हणाले. "मी बरोबरच वापरतोय." आणि मग, "तीन हजार पौंड? भांड्याला? तांब्याचं होतं?"

नाही, काचेचं.

"मग आपला बंब किती गेला असेल रे."

काल महिनाअखेर होती, म्हणून नोंदी मोजल्या. एकूण २,३१७. बुजगावणं १,४०२, वानरं तीनशेच्या घरात (कुत्रा, व्यक्ती आणि अस्वल धरून), म्हैस १८८, बाबा पंच्यासह ९६, पोस्टमन ४. बाकी मांजर. जिराफ नाही. चोर नाही. बंबाचा पत्ता नाही. चौकीतून अजून कुणी फुटेज मागायला आलेलं नाही, आणि बाबांकडे आता डिस्कभर आहे.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती. मोडीच्या दुकानात, जुन्या वस्तूंच्या बाजारात, किंवा हल्ली हॉटेलांच्या दारात शोभेला भांडी मांडून ठेवतात तिथे, एखादा तांब्याचा बंब दिसला तर जरा वाकून बघा. उंची कमरेएवढी, तोटीपाशी पोचा, पोटावर १९४४. खाली 'सप्रेम भेट' असेल तर तो आमचा नव्हे.